कॅलेंडरातले पाच कोरे चौकोन

बहूबाजारातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला २०१९ सालचं कालनिर्णय कित्येक वर्षं लटकत होतं. दर जानेवारीत विट्याहून नवं कॅलेंडर यायचं आणि त्याच खिळ्यावर चढायचं. जुनी सगळी रद्दीत जायची. हे एक मात्र वहिनींनी तळाशी ठेवून दिलं होतं. त्याच्या सप्टेंबरच्या पानावर पाच चौकोन कोरे होते.

वहिनी म्हणजे गलाईवाल्यांच्या वहिनी. त्यांचं नाव इथे द्यायचं कारण नाही. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या ‘वहिनी’ म्हणूनच ठाऊक आहेत आणि गल्लीतल्या बंगाली बायका त्यांना ‘बौदी’ म्हणतात, म्हणजे पुन्हा वहिनीच! माहेर-सासर दोन्ही सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. त्या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. केरळात जा, तामिळनाडूत जा, सोनारांच्या पेठेत एखादी मराठी भट्टी सापडतेच. वहिनींच्या यजमानांची भट्टी कोलकात्याच्या बहूबाजारात.

लग्न होऊन १९९६ साली त्या इथे आल्या, तेव्हा हे शहर कलकत्ताच होतं. बसने महाराष्ट्र निवासाकडे जाताना हाजऱ्याच्या चौकात कॅन्सरचं हॉस्पिटल लागतं. देशबंधू चित्तरंजन दासांच्या नावाचं, २ जानेवारी १९५० रोजी मादाम क्यूरींच्या कन्या इरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते सुरू झालेलं. ही थोरवी वहिनींना कुणी सांगितली असती तरी त्यांनी ऐकून घेतली नसती. त्या दारासमोर बस थांबली की त्या मान दुसरीकडे वळवायच्या. आपल्याकडच्या बहुतेक बायका तेच करतात.

२०१४ च्या फेब्रुवारीत आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. वय बेचाळीस. दुखत नव्हती, म्हणून तीन आठवडे त्या कुणाला बोलल्या नाहीत. मग सगळं ओळीने झालं. ऑपरेशन, केमो, शेक. मुलगी तेव्हा दहावीत होती. रिपोर्टवर एक ओळ होती, ‘ईआर पॉझिटिव्ह’. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “दीदी, त्यातल्या त्यात ही बरी बातमी. तुमची गाठ हार्मोनवर पोसली जाते. तिचं खाणं आपल्याला तोडता येईल.”

म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगायचं तर असं. काही पेशींच्या आत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसाठी एक कुलूप असतं. डॉक्टर त्याला रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेनची किल्ली त्यात बसली की पेशीला हुकूम सुटतो, वाढ, एकाच्या दोन हो. जगभर स्तनाच्या दहा कॅन्सरपैकी साधारण सात या जातीचे असतात. आपल्याकडे प्रमाण काहीसं कमी आहे. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्या कुलपात खोटी किल्ली घालून ठेवते. ती फिरत नाही आणि खऱ्या किल्लीला जागा उरत नाही.

या गोळीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९६२ साली इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती तयार केली, ती कॅन्सरसाठी नव्हे, मूल होऊ नये म्हणून! उंदरांमध्ये गुण आला. बायकांमध्ये उलटंच झालं, बीज सुटायला मदतच होऊ लागली. गोळी अडगळीत जायची, पण गटप्रमुख आर्थर वॉलपोल यांनी ती सोडली नाही. १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधल्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष छापून आले आणि १९७७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘सहेली’ ही कुटुंबनियोजनाची गोळी याच कुळातली. तिला मात्र ज्या कामासाठी जन्मली तेच काम मिळालं.

वहिनींची गोळी ऑक्टोबर २०१४ पासून सुरू झाली. रात्रीच्या जेवणानंतर एक. घेतली की कालनिर्णयाच्या चौकोनात लाल पेनने खूण, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. अंगातून वाफा निघायच्या, ऐन थंडीत पंखा लावावा लागायचा, घरचे गोधडीत गुरफटून कुरकुरायचे. पण खूण चुकली नाही. एवढा नेम त्यांनी सोळा सोमवारांचाही कधी पाळला नव्हता.

पाच वर्षं होत आली आणि बहूबाजार हादरलं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खोदताना जमिनीखालचं पाणी आत घुसलं, वरची माती खचली आणि दुर्गा पितुरी लेन, स्याकरा पाडा लेन या गल्ल्यांतल्या घरांना भेगा पडल्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत काही घरं कोसळलीच. (बंगालीत स्याकरा म्हणजे सोनार. पाडाच सोनारांचा.) शेकडो माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी हॉटेलांत हलवलं. दोन सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि वहिनींच्या घरी मूर्ती आदल्या दिवशीच आणून ठेवलेली होती. रविवारी खालून “उतरा, उतरा” असा ओरडा सुरू झाला. वहिनींनी कागदात गुंडाळलेली मूर्ती पदराखाली घेतली, मुलीचा हात धरला आणि जिना उतरल्या. गोळ्यांचं पाकीट फळीवर राहिलं.

हॉटेलच्या खोलीत, टीव्हीच्या टेबलावर गणपती बसला. यजमान दिवसरात्र गल्लीच्या तोंडाशी उभे, कारण भट्टीत लोकांचं सोनं अडकलं होतं. अशा वेळी त्यांना “माझी गोळी आणता का हो?” असं विचारायला वहिनींची जीभ रेटली नाही. स्वतः दुकानात जाऊन मागावी, तर डॉक्टरांची चिठ्ठी घरात. आज उद्या म्हणता पाच रात्री गेल्या. सहाव्या दिवशी दहा मिनिटांसाठी आत जाऊ दिलं, तेव्हा त्यांनी आधी पाकीट उचललं, मग मंगळसूत्राचा डबा. घर पडलं नव्हतं. भेगा बुजवून काही महिन्यांनी सगळे परत आले. डॉक्टर मॅडमनी गोळी आणखी काही वर्षं चालू ठेवायला सांगितली. पाच कोऱ्या चौकोनांबद्दल वहिनी कुणालाच बोलल्या नाहीत.

२०२१ च्या पावसाळ्यात कंबर धरली. लॉकडाउनमध्ये भांडी-लादी अंगावर पडली होती, त्यानेच असेल असं वाटलं. स्कॅनमध्ये मणक्यात आणि कमरेच्या हाडात ठिपके दिसले. पाळी आता पुरती बंद झाली होती, म्हणून टॅमॉक्सिफेनच्या जागी लेट्रोझोल आली. पाळी गेली तरी शरीर, विशेषतः चरबीत, थोडं इस्ट्रोजेन तयार करतच राहतं. ही गोळी ते काम थांबवते. म्हणजे कुलपाला हात लावत नाही, किल्लीच घडू देत नाही. दोन वर्षं खरोखर बरी गेली. वहिनी महाराष्ट्र निवासात मोदक वळायला गेल्या, दुर्गापूजेचे मंडप पायी फिरल्या. २०२३ च्या दिवाळीत दुखणं परत आलं. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये नवे ठिपके होते.

विट्याहून थोरल्या नणंदबाईंचा फोन आला. त्या मायेनेच बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “गोळ्या नेमाने घेत होतीस ना गं? मध्ये चुकली नव्हती ना कधी?”

फोन ठेवून वहिनींनी दारामागचं जुनं कॅलेंडर काढलं आणि पीठ मळायच्या परातीपाशी बसून रडल्या. मुलीने विचारलं तर म्हणाल्या, “कांदा.”

इकडे डॉक्टर मॅडमनी एक नवी तपासणी सुचवली होती. हाडातून तुकडा काढणं त्रासाचं असतं. पण मरणाऱ्या कॅन्सरपेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात वाहत असतात आणि नुसत्या रक्तातून ते शोधता येतात. दोन नळ्या रक्त बंगळुरूला गेलं. रिपोर्ट आला, त्यात दोन शब्द ठळक होते : ‘ईएसआर-वन’ आणि ‘डी५३८जी’. मुलगी अकाउंट्सच्या नोकरीत, तिला यातलं काय कळणार! तिने आतेबहिणीला फोनवर सांगितलं, “आईच्या जीनमध्ये फॉल्ट निघालाय.”

दोन दिवसांत ते वाक्य विट्याला पोचलं आणि तिथून कोईमतूरला. कोईमतूरला गलाईचाच व्यवसाय असलेलं एक स्थळ मुलीसाठी चाललं होतं. संक्रांतीनंतर बघायला येणार होते. नणंदबाईंचा पुन्हा फोन, या वेळी भावाला. “दादा, ते लोक विचारतायत. जीनचा आजार म्हणजे पोरीतही उतरणार, असं कुणी तरी त्यांना सांगितलंय. काय सांगू?”

दादा काय सांगणार? त्यांनाही तसंच वाटत होतं. जीन हा शब्द आपल्या घरांत शिरला तोच ‘खानदानात आहे’ या अर्थाने. शाळेच्या पुस्तकात वाटाण्याच्या वेलीपाशी त्याची ओळख होते आणि पुढे लग्न जुळवतानाच तो आठवतो.

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार. तपासणीच्या खोलीत वहिनींनी पिशवीतून रिपोर्टच्या आधी काय काढलं, तर सप्टेंबरचं ते पान. टेबलावर पसरलं आणि म्हणाल्या, “मॅडम, हे पाच दिवस माझी गोळी राहिली होती. म्हणून झालं ना हे सगळं?”

यजमान बघतच राहिले. साडेचार वर्षांत त्यांना हे ठाऊक नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी पान हातात घेतलं, लाल खुणांवरून बोट फिरवलं. “दीदी, टॅमॉक्सिफेन एका रात्रीत अंगातून जात नाही. गोळी थांबवली तरी निम्मं औषध उतरायला पाच ते सात दिवस लागतात, आणि त्यातून शरीरात जे पुढचं औषध बनतं ते त्याहून जास्त टिकतं. ज्या बायका महिनोन्महिने गोळी सोडतात त्यांना धोका वाढतो. त्यांच्यावर मी रागावते. तुमच्यावर कशाला रागावू? पाच वर्षांत पाच दिवस! शिवाय हा जो बदल निघालाय, त्याचा संबंध त्या गोळीशी नाहीच. तो मुख्यतः लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांखाली डोकं वर काढतो.”

मग त्यांनी कागदावर एक माळ काढली. ईएसआर-वन हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतं आणि ते कुलूप कसं घडवायचं याचा आराखडा त्यात असतो. ते कुलूप ५९५ मण्यांच्या माळेसारखं आहे. वहिनींच्या काही कॅन्सरपेशींत ५३८ वा मणी बदलला. बाकी माळ जशीच्या तशी. पण तेवढ्यानेच कुलूप किल्लीवाचून उघडं राहायला लागलं. किल्ल्या घडवण्याचा कारखाना बंद करणारी गोळी वहिनी इमानाने घेत होत्या आणि आतलं दार सताड उघडं होतं! लेट्रोझोलने बदल न झालेल्या पेशी मारल्या, रोखल्या. या थोड्या तेवढ्या तगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. पहिल्या गाठीत हा बदल शंभरात जेमतेम एकीत सापडतो. पसरलेला आजार या गोळ्या घेऊनही पुन्हा वाढतो, तेव्हा शंभरात वीस ते चाळीस जणींत.

“पण मॅडम, २०१४ च्या रिपोर्टात हे नव्हतं,” यजमान म्हणाले.

“तेव्हा तपासलं नव्हतं. तपासलं असतं तरी बहुधा दिसलं नसतं.”

यजमान गप्प झाले. मग एकदम म्हणाले, “म्हणजे टंचासारखं.” मॅडमना टंच ठाऊक नव्हता, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. गलाईवाला सोन्याच्या लगडीच्या कोपऱ्यातून चिमूटभर तुकडा काढतो आणि त्याचा कस बघतो, तो टंच. पण लगड नीट एकजीव झालेली नसेल तर या कोपऱ्याचा टंच वेगळा, त्या कोपऱ्याचा वेगळा. आणि दहा वर्षांपूर्वीच्या टंचावर आज सोनं घेणारा माणूस धंद्यात टिकत नाही.

गंमत म्हणजे, शास्त्रज्ञांचीही हीच चूक झाली होती. या जनुकातला असा बदल पसरलेल्या कॅन्सरमध्ये १९९७ सालीच अमेरिकेत सापडला होता. पण नंतर बरीच वर्षं तपासण्या बहुतेक पहिल्याच गाठींच्या होत राहिल्या. त्यात काही दिसेना, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की हे दुर्मीळ प्रकरण. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या शरत चंदरलापती यांच्या आणि मिशिगनमधल्या अरुल चिन्नैयन यांच्या गटांनी परतून आलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा तो भराभर सापडू लागला. दोन्ही प्रमुख मूळचे आपल्याकडच्या कुळातले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

“आणि मुलीचं?” वहिनींनी विचारलं. खरं तर त्या याच प्रश्नासाठी आल्या होत्या.

“हा बदल तुमच्यात जन्मापासून नाही. तो गाठीत झाला, तोही अलीकडे. तुमच्या बाकीच्या शरीरातली माळ सरळ आहे. जे गाठीत झालं ते मुलीच्या अंगात जाणार कसं? ती पंचवीस वर्षांपूर्वीच जन्मलीय!” मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. “वारशाने येणारी जनुकं वेगळी. बीआरसीए-वन, बीआरसीए-टू. तुम्हाला बेचाळिसाव्या वर्षी झाला, म्हणून ती तपासणी करायला हवी. आधी तुमची, मुलीची नाही. तुमच्यात दोष नसेल तर तो तिच्यात तुमच्याकडून गेलेला नाही. तरी आईला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तिने तपासणीला येत जायचं.”

त्याच दिवशी लेट्रोझोल थांबली आणि फुलवेस्ट्रंटची पहिली इंजेक्शनं दिली गेली. हे औषध कुलपात काही घालत बसत नाही, कुलूपच मोडीत काढतं. आधी पंधरवड्याने, मग दर महिन्याला, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. जोडीला पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या. त्यांच्या पेटंटची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली आणि भारतीय कंपन्यांनी त्या बनवायला घेतल्या. भाव एकदम उतरले, नाही तर भट्टीच विकावी लागली असती. असे मणी बदललेल्या आजारासाठी एलासेस्ट्रंट नावाची गोळी अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्येच मंजूर झाली आहे. फुलवेस्ट्रंट सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. आजार मुळापासून जाईल, असंही मॅडम बोलल्या नाहीत. “ताब्यात ठेवायचा प्रयत्न,” एवढंच म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस वहिनींचा वारशाचा रिपोर्ट आला. दोष नाही. यजमान इतके हरखले की भट्टीवरच्या पोरांना रसगुल्ले वाटून आले. संध्याकाळी चष्मा लावून बसले, रिपोर्टचा फोटो काढला आणि म्हणाले, “हा आता सरळ कोईमतूरला पाठवतो. म्हणजे तोंडं बंद.”

“पाठवू नका,” वहिनी म्हणाल्या.

“का? चांगलाच आहे की!”

“चांगला आहे म्हणून पाठवताय. आणि वाईट असता तर?”

यजमानांना उत्तर सुचलं नाही. त्या पोळी लाटत म्हणाल्या, “सोनं देताना टंचाची चिठ्ठी लावतात. पोरीला लावणार तुम्ही?”

खरं सांगायचं तर यजमानांची बाजू अगदी चुकीची नव्हती. एका कागदाने गैरसमज मिटत असेल तर बापाला तो लपवावासा का वाटावा? आठवडाभर घरात याच विषयावर धुसफुस चालली. शेवटी मुलीने तोड काढली. आत्याला फोन लावून तिने माळ आणि मणी दोन्ही समजावून सांगितले आणि वर म्हणाली, “आत्या, आईचा बदल गाठीतला आहे, माझ्यात येणारा नाही, एवढं त्यांना सांग. रिपोर्ट मागितला तर सांग, तो आईचा आहे. आणि तपासणीला मी दरवर्षी जाणार आहे, हेही आधीच सांग. नंतर बोंब नको.”

आत्यांना ते सगळं कळलं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना मुद्दाम फोन केला आणि पापडाच्या डांगराची कृती विचारली, जी त्यांनीच वहिनींना शिकवली होती.

पोयला बैशाखला बहूबाजारात हालखाता झाला, सोनारांनी नव्या वह्या घातल्या, मिठाईची खोकी घरोघर आली. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये नवे ठिपके नव्हते, जुने होते तेवढेच होते. कोईमतूरहून मात्र ‘कळवतो’ याच्या पुढे काही आलं नव्हतं.

पुढचं इंजेक्शन १० मेला आलं आणि त्या दिवशी अक्षय तृतीया. दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, यजमानांना भट्टीवरून हलता येईना. मुलगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेली. नर्सने फ्रीजमधून दोन सुया काढल्या आणि दोन्ही तळहातांत धरून ऊब देत बसली. औषध एरंडेल तेलातलं, थंड असेल तर घट्ट राहतं आणि जास्त दुखतं.

“एरंडेल?” वहिनींनी विचारलं. मुलीने मान हलवली.

“अगं, लहानपणी आमची आई नाक दाबून पाजायची. मी विहिरीपर्यंत पळत सुटायचे. आता पैसे देऊन टोचून घेतेय!” आणि त्या हसता हसता पालथ्या झाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नव्या कालनिर्णयात दहा तारखेच्या चौकोनात दोन लाल खुणा केल्या, एकीशेजारी एक. २०१९ चं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं होतं, पण रद्दीत गेलं नव्हतं. कागद जाड आणि चांगला होता, म्हणून त्यांनी तो फळीवर डब्यांखाली अंथरला. सप्टेंबरच्या पानावर तिखटाचा डबा बसला.